बोळका मंजनवाला

मागच्या महिन्यात अकोल्याला, मनोहरच्या घरी, मी माझ्या सख्ख्या बापाला ओळखलं नाही. चष्मा डोळ्यांवर होता, उजेड भरपूर होता, आणि बाप काचेच्या चौकटीत माझ्या नाकासमोर टांगलेला होता. तेव्हा सबब सांगायलाही जागा नाही. भोवती आमच्याच वयाची माणसं पोह्यांच्या बशा घेऊन उभी होती, आणि आपण जाणकार आहोत हे चारचौघांत दाखवायची खाज मला लहानपणापासून आहे. मी चौकटीवर बोट ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणालो, "ह्या सगळ्यांत ही नक्कल अगदी भिकार. ह्या माणसाच्या तोंडात इतके दात कोणी कोंबले? खोटेपणालाही काही सुमार पाहिजे." कोणी हसलं नाही. मनोहरनं बशी खाली ठेवली. "पुंडलिक," तो म्हणाला, "ही नक्कल नाही बे. ही असली आहे. तुझ्या बाबांच्या डबीवरची." माझ्या बायकोनं पोह्यांतला शेंगदाणा शोधायला मान खाली घातली, ती आम्ही निघेपर्यंत वर केली नाही.

मनोहर माझा अमरावतीच्या शाळेतला सोबती. नोकरीपायी अकोल्याला गेला आणि तिथलाच झाला. निवृत्तीनंतर माणसं देवाला लागतात, हा चिपक्यांना लागला. मखमली पुठ्ठ्याच्या वह्या, चिमटे, हातात धरायचं भिंग, आणि दर रविवारी त्याच रोगानं पछाडलेल्या माणसांची बैठक. एकेक चिपकी भिंगाखाली धरायची, "काय दिवस होते!" म्हणून उसासा टाकायचा आणि पुढच्या पानावर जायचं. मी त्या दिवसांत प्रत्यक्ष हजर होतो. अंगावर गजकर्ण होतं, शाळेत छडी होती, आणि हे जे आता भिंगातून पाहून डोळे पुसतात ते मधल्या सुट्टीत एकमेकांच्या चड्ड्या ओढत होते. गेलेला काळ सोन्याचा वाटतो तो गेलेला आहे म्हणून. परत आला तर यांच्यातला एकही दार उघडणार नाही.

चिपकी म्हणजे काय, ते आता सांगावं लागतं. अकोल्याचा एक गोळ्यावाला होता. संत्र्याच्या मुलखात नकली संत्र्याची गोळी विकून दाखवणारा हा इसम. ती गोळी रंगानं नारिंगी, चवीनं धुण्याचा सोडा, आणि चिकटपणानं डिंकाची सख्खी बहीण. नुसत्या चवीवर ती कुत्र्यानंही खाल्ली नसती. म्हणून त्यानं प्रत्येक गोळीच्या कागदात बोटाएवढं एक चित्र घालायला सुरुवात केली. चित्राच्या पाठीला गोंद असे. जिभेनं ओलं करायचं आणि हवं तिथं चिपकवायचं. बाजारात नावाजलेल्या मालाची त्या चित्रांत टवाळी असे. बिडीच्या बंडलावरचा सिंह मफलर गुंडाळून खोकतोय. केसतेलाच्या बाटलीवरची बाई पाठमोरी, आणि डोक्याच्या मधोमध टक्कल. चहाच्या पुड्यावरचं सगळं कुटुंब कप हातात घेऊन घोरतंय. आंघोळीच्या साबणावरची सुंदरी दोन्ही हातांनी पाठ खाजवतेय. चित्रं अशी काढलेली, की सिंह हा सिंहच आहे हे कळायला खालचं नाव वाचावं लागे. आणि ह्या घाणीसाठी आम्ही जीव टाकत होतो. पाटीवर, दप्तरावर, सायकलच्या मडगार्डवर, दाराच्या चौकटीवर, पोळ्याला बैलाच्या शिंगांवर, जिथं म्हणून जीभ आणि हात पोचेल तिथं चिपकी. ज्या दोन-चार नीट राहतील त्यांची शाळेत अदलाबदल चाले, आणि ज्याच्याकडे सगळ्या जमल्या त्याला बाकीचे पोट्टे नळावर पहिला नंबर देत. माझ्याकडे सगळ्या होत्या. फक्त एक नव्हती.

ती एक का नव्हती, ते सांगायचं तर आमच्या घरात शिरायला हवं. अंबागेटाजवळ दोन खोल्या आणि मागं अंगण. घरात दंतमंजनाचा धंदा. सकाळ उजाडायची ती खलबत्त्याच्या ठणठणाटानं. कोंबड्याला आमच्याकडे काही काम उरलं नव्हतं. बाभळीची साल वाळत पडलेली, बदामाची टरफलं चुलीत जळून कोळसा होतायत, तुरटी फुलतेय, लवंग कुटली जातेय, आणि सगळ्यांवर कापराचा वास. माय राखेनं हात घासघासून ज्वारीच्या भाकरी थापायची, तरी भाकरीवर एक काळा अंगठा उमटायचाच. वरणाला कापराचा वास, अंबाडीच्या भाजीला लवंगेचा. पाहुणे जेवून उठले की हात धुण्याआधी जिभेनं दात चाचपून पाहत. डब्या भरून झाल्या की अंगणात बाज टाकून मैद्याची खळ घ्यायची आणि लेबलं लावायची, हे माझं काम. लेबल सरळ बसलं पाहिजे, खळ बाहेर यायला नको, आणि फोटोच्या तोंडावर बोट लागता कामा नये. शेवटची अट सगळ्यांत कडक होती, कारण तो फोटो बाबांचा होता.

त्या काळी माल करणाऱ्याचं तोंड मालावर असायचंच. काढेवाला, मलमवाला, सुपारीवाला, सगळे आपापल्या डब्यांवरून टक लावून पाहत. आमचे बाबा, सखारामजी मंजनवाले, हसणाऱ्यांपैकी नव्हते. फोटोवाल्यानं पुष्कळ विनवण्या केल्या. शेवटी तो म्हणाला, "सखारामजी, हसू नका, नुसते दात दाखवा." बाबांनी बैलबाजारात बैलाचे ओठ वर करून दाखवतात तसे आपले ओठ वर केले आणि फोटो निघाला. मागं उगवता सूर्य, डोक्यावर काळी टोपी, टोकदार मिशा, आणि मिशांखाली दातांच्या दोन लखलखीत रांगा. वर नाव: पहाट छाप काळं दंतमंजन. खाली तांबड्या अक्षरांत इशारा: नकली मालापासून सावध! मालकाचा फोटो पाहूनच डबी घ्या. हा इशारा बाबांनी स्वतः सुचवला होता आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता. पहाट छापची नक्कल करावी असं कोणालाही कधी सुचलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

मग एका दुपारी मनोहर मधल्या सुट्टीत धावत आला. त्याच्या जिभेवर गोळीचा रंग होता आणि तळहातावर एक चिपकी.

"पुंड्या, तुहा बाप पाह्य!"

मी पाहिलं. तीच टोपी, त्याच मिशा. मिशांखाली तोंडाचं बोळकं, ओठ आत गेलेले, हनुवटी नाकाला भेटायला निघालेली. मागचा सूर्य डोंगराआड बुडतोय. वर नाव: सांज छाप. चित्र बाकीच्यांइतकंच गचाळ होतं. पण ज्या माणसाला सिंह काढता येत नव्हता त्याला माझा बाप नेमका जमला होता.

"दे ना मले," मी म्हणालो.

"तुले कायले पायजे? तुह्या घरी तं जिता हाय!"

सगळा वर्ग हसला. मीही हसलो, कारण न हसणाऱ्याला त्या शाळेत दिवस काढणं अवघड होतं. मला ती चिपकी हवी होती ती बापाची लाज राखायला, असं आता लिहिलं तर छान दिसेल. मला ती हवी होती कारण माझ्याकडे नव्हती.

आठवडा उलटला नाही तोच बाबा बाजारातून निघाले की पोट्टे ओरडू लागले, "बोळका आला, बोळका आला!" बाबांच्या तोंडात बत्तीसच्या बत्तीस दात होते, एकालाही कीड नाही, आणि तेच त्यांचं भांडवल होतं. दुकानदारासमोर उभं राहून ते सुपारी दातांनी फोडून दाखवत, मग डबी पुढं करत. आता सुपारी फोडली की दुकानदार हसायचा. दुसरा एखादा असता तर स्वतःही हसला असता आणि विषय संपला असता. आमचे बाबा हसण्यावर उपाय शोधायला बसले. त्यांनी काढलेला उपाय जगात दुसऱ्या कोणाला सुचला नसता: शहरातल्या सगळ्या गोळ्या आपणच विकत घ्यायच्या. गोळ्याच उरल्या नाहीत तर चिपक्या कुठून निघतील?

रोज संध्याकाळी ते थैली घेऊन निघत. किराणेवाला कौतुकानं विचारी, "सखारामजी, लेकराईले लयच आवडून राह्यली वाटते गोळी?" बाबा "हो" म्हणून मान वळवीत. घरी आले की ओसरीत बसून एकेक कागद सोडायचा. सिंह निघाला, टकली बाई निघाली, तर माझ्याकडे फेकायची. बोळका निघाला की स्वतःपाशी. गोळ्या पितळी डब्यात. किराणेवाल्यानं अर्थातच गोळ्यावाल्याच्या माणसाला कळवलं की बोळका आल्यापासून गोळी हातोहात जाते आहे, अजून पाठवा. अजून आल्या. बाबांनी अजून घेतल्या. बोळका इतका चालतोय म्हटल्यावर गोळ्यावाल्यानं सिंह आणि टकली बाई छापणं कमी केलं आणि बोळके वाढवले. हा हिशेब मला त्या वयात समजत होता. बाबांना सांगायची हिंमत घरात कोणाची नव्हती.

आता प्रश्न होता घरात साठलेल्या बोळक्यांचा. बाबांनी त्यांचा गठ्ठा मायच्या पुढ्यात टाकला. "घाल चुलीत."

मायनं कमरेवर हात ठेवले. "अजी, जित्या माणसाचं तोंड म्या चुलीत घालू? कुकू पुसून मंग घालू काय?"

"माहं तोंड थोडीच हाय थे!"

"मंग लोकं हासून राह्यले तं तुमाले कावून लागते?"

जिवंत माणसाचा फोटो जाळायचा नाही, फाडायचा नाही, जिथं कोणाचा पाय पडेल तिथं टाकायचा नाही, हे मायचं शास्त्र होतं, आणि नवऱ्याच्या बाबतीत ती त्यात काडीचीही सूट देणार नव्हती. दात असोत की नसोत, मिशा त्याच होत्या. तेव्हा बोळके पत्र्याच्या पेटीत गेले, पेटीला कुलूप लागलं, आणि किल्ली मायच्या कमरेला. शहरातले जवळजवळ सगळे बोळके माझ्याच घरात, मी रात्री त्याच पेटीला पाठ लावून झोपणारा, आणि माझ्याच संग्रहात तो नाही. शाळेत मला नळावरून मागं ढकलत. "स्वतःच्या बापाची नाही याच्यापाशी, अन् म्हणे सगळ्या हायेत!"

गोळ्या मात्र जाळायच्या नव्हत्या. अन्न होतं ते. माय चहात साखरेऐवजी गोळी टाकू लागली. चहा नारिंगी दिसे. खिरीत गोळ्या, शिऱ्यात गोळ्या, पाहुण्यांच्या हातावर गोळ्या. पाहुणे शहाणे होते, खिशात घालून निघून जात. उरलेल्या मी खाल्ल्या. सकाळी खरखरीत मंजन, नंतर दिवसभर गोळी, असा माझा नेम झाला.

शेवटी बाबा अकोल्याला गेले, गोळ्यावाल्याला जाब विचारायला. मला बरोबर घेतलं, का ते मला अजून कळलेलं नाही. बहुधा बापपणाचा पुरावा म्हणून. बडनेऱ्याहून गाडी धरली. मूर्तिजापूर येईपर्यंत बाबा ओठ हलवत मनातल्या मनात भांडण घोळवत होते, आणि त्या भांडणात ते जिंकत होते हे चेहऱ्यावर दिसत होतं. अकोल्यात कापसाच्या एका जिनिंगच्या मागं टिनाची शेड, साखरेच्या पाकाचा वास, मुंग्यांच्या रांगा. गोळ्यावाला बंडी घातलेला जाडसा माणूस. बाबांना पाहताच तो गादीवरून उठला.

"या या, सखारामजी! आमच्या शेडीले पाय लागले तुमचे! अवं बायांनो, पाहा कोण आलं! थे मंजनवाले, आपले बोळके!"

कागद गुंडाळणाऱ्या बाया हातातलं काम टाकून आल्या. त्यांनी बाबांचं तोंड खालून वरून पाहिलं. एक जण नाराज झाली. "पण यायले तं दात हायेत."

"हो ना वं. असे कसे दात हायेत?" दुसरी म्हणाली. तिच्या बोलण्यात अशी तक्रार होती, जणू तिची काही फसवणूक झाली होती.

"थे चित्र बंद करा," बाबा म्हणाले. गाडीत घोळवलेलं बाकीचं भाषण कुठं गेलं कोण जाणे.

"बंद?" गोळ्यावाल्यानं बाबांना हाताला धरून गादीवर बसवलं. "सखारामजी, पयले सिंह चाले. आता सिंहाले कोणी विचारत नाही. आता तुमी चालता! लय मान हाय तुमाले आमच्या धंद्यात." मग त्यानं चहा पाजला, आणि निघताना बाबांच्या नको नको म्हणण्याकडे लक्ष न देता गोळ्यांचा भरलेला डबा माझ्या हातात दिला. परतीच्या गाडीत बाबा खिडकीबाहेर कापसाची पऱ्हाटी पाहत होते. मी गोळी खाल्ली. आणखी काय करणार?

त्या उन्हाळ्यात रिद्धपूरची यात्रा आली. आमचं वर्ष त्या यात्रेवर चाले. तिथं माल खपला तर पावसाळ्याची बेगमी, नाही तर मायच्या पाटल्या गहाण. यंदा शहरातली दुकानं बाबांच्या सुपारीला हसत होती, म्हणून त्यांनी सगळी भिस्त यात्रेवर ठेवली आणि होतं नव्हतं ते घालून दुप्पट डब्या भरल्या. आम्ही तिघं सर्व्हिस मोटारीनं गेलो. डब्या मांडायला टेबल म्हणून मायनं तीच पत्र्याची पेटी आणली होती. बाबांनी तिच्यावर चादर टाकली आणि डब्यांचा मनोरा रचला. प्रत्येक डबीवरून ते दात दाखवत होते, आणि मागं स्वतःही उभे. काळ्या कपड्यांतले महानुभाव साधू, आसपासच्या खेड्यांतून गाड्या जुंपून आलेले लोक, धूळ, शेवचिवड्याचा खमंग वास. बाबांचा आवाज मोठा होता, "आलं, आलं, पहाट छाप आलं!" ही आरोळी यात्रेच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाई.

"दंडवत, भाऊ," म्हणत एक म्हातारी पुढ्यात बसली. तिनं डबी उचलली, डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, आणि खाली ठेवली. "हे असली नाही."

"कावून वं माय?" बाबांनी म्हातारीला विचारलं.

"असली मंजनवाला बोळका हाय. आमच्या दाराले त्याचा फोटो चिपकवेल हाय नातवानं. म्या रोज पायतो त्याले."

बाबा हसण्याचा प्रयत्न करून म्हणाले, "अवं, थो मीच. मीच मालक!"

म्हातारीनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. "तुले तं दात हायेत, बाबू."

शेजारी पागोटेवाला एक जण उभा होता आणि दुर्दैवानं त्याला वाचता येत होतं. त्यानं डबी घेऊन मोठ्यानं वाचलं, "नकली मालापासून सावध. मालकाचा फोटो पाहूनच डबी घ्या." मग मान हलवली. "बरोबर बोलते बुढी. फोटो पाह्यला. हा थो नाही."

"अरे पण बोळका माणूस मंजन कायले इकन?" बाबा ओरडले. "ज्याले दातच नाहीत थ्याचं मंजन कोण घेईन?"

"ज्याचे गेले थोच सांगन ना, कसे गेले थे," पागोटेवाला शांतपणे म्हणाला. लोकांना ते पटलं. पटलं म्हणजे काय, चार जण मान डोलावून पुढं गेले, आणि पुढच्यांना सांगत गेले की इथला माल नकली आहे. माणसं एकत्र आली की त्यांची अक्कल एकमेकांत वाटली जाते आणि कोणाच्याच वाट्याला पुरेशी येत नाही, हे मी त्या दुपारी शिकलो, आणि त्यानंतरच्या आयुष्यात ते मत बदलावं असं काही घडलं नाही. बाबांनी सुपारी फोडून दाखवली. लोकांनी त्याला नकलीपणाचा आणखी एक पुरावा मानलं. दुपार कलली, मनोरा जसाच्या तसा.

माय इतका वेळ मागं बसून होती. ती उठली. तिनं मनोरा उतरवला, चादर काढली, कमरेची किल्ली लावून पेटी उघडली. बाबांकडे तिनं पाहिलं नाही. एक बोळका घेतला, जिभेवर फिरवला, आणि डबीवरच्या दात दाखवणाऱ्या बाबांवर नीट, सरळ, कोपरे दाबून बसवला. मग दुसरी डबी. मग माझ्याकडे बोळक्यांचा गठ्ठा सरकवला. "लाव. सरळ लाव. अन् तोंडावर बोट नको लावू."

आम्ही लावत सुटलो. गोंदानं जीभ जड झाली, तोंडाला खळीसारखी चव आली. माझ्या संग्रहात जो एक नव्हता तो आता माझ्या हातांतून एकामागून एक जात होता, आणि प्रत्येकाखाली खऱ्या बापाचे दात झाकले जात होते. ती म्हातारी परत आली. तिनं डबी पाहिली, खूश झाली, आणि मग मान वर करून बाबांकडे पाहिलं.

बाबांनी त्या वेळी काय केलं ते मी विसरलेलो नाही. त्यांनी ओठ आत ओढले. गाल बसवले, हनुवटी वर घेतली, उपरण्याचं टोक तोंडाजवळ धरलं, आणि मान डोलावली. मिशा खाली आल्या. क्षणात त्या गचाळ चित्रातला माणूस माझ्या शेजारी उभा राहिला.

"आता व्हय," म्हातारी म्हणाली. "आता थोच हाय. मंगाशी कोण उभा होता?"

"थ्यायचा भाऊ," माय म्हणाली.

दिवस मावळेपर्यंत बाबा तसेच उभे होते. त्यांची आरोळी बंद, कारण आरोळीला तोंड उघडावं लागतं. कोणी काही विचारलं की "हूं" आणि "उंहूं", बाकी माय बोलायची. कोणी विनोद केला तरी हसायचं नाही. ते मात्र त्यांना जड गेलं नसावं. लोक रांगेनं येत होते, चित्र पाहत होते, माणूस पाहत होते, आणि समाधानानं डबी उचलत होते. मला त्या लोकांची किळस आली. बाबांचीही आली, हे सांगून टाकतो. लेकरांच्या मनात बापाविषयी जे येतं ते काही पुस्तकात लिहिल्यासारखं नसतं. मनोरा संपला, मोकळी पेटी उरली, तेव्हा मायनं फडक्यातल्या भाकरी सोडल्या. वांग्याची भाजी, कांदा. बाबा आमच्याकडे पाठ करून जेवायला बसले. पाठीवरून काही दिसत नव्हतं. फक्त कांदा फोडल्याचा कडाकड आवाज येत होता, पहिल्यांदा, मग पुन्हा, मग पुन्हा, जणू दिवसभर कोंडून ठेवलेले दात आता कोणाचं ऐकत नव्हते.

पेटीच्या तळाला एक बोळका राहिला होता. मायनं तो माझ्यापुढं धरला. "घे. तुले पायजे होता ना?" मी घेतला नाही. थैलीच्या कोपऱ्यात गुंडाळून आणलेल्या घरच्या वापराच्या डबीवर तिनंच तो लावून टाकला.

मायच्या पाटल्या हातात राहिल्या. पुढच्या खेपेला बाबांनी लेबल नवं छापून आणलं: नुसता सूर्य, माणूस नाही, इशारा नाही. नुसत्या सूर्याला कोणी ओळखेना. दोन-तीन वर्षांत पांढरी मंजनं आणि ट्यूबा आल्या, आणि खलबत्त्याचा खल अंगणात चिमण्यांना पाणी ठेवायच्या कामी आला. बाबा मग एका सरकीच्या दुकानात बसू लागले. फोटो त्यांनी पुन्हा कधी काढून घेतला नाही. माझ्या लग्नाच्या फोटोत ते आहेत तिथं त्यांच्यासमोर बरोबर एक फेटा आलेला आहे. गेले ते बत्तीसच्या बत्तीस घेऊन. त्यांच्यासोबत जळालेला तो एकमेव असली माल.

माझे दात पंचेचाळिशीतच गेले. अमरावतीच्या दातांच्या डॉक्टरनं विचारलं होतं, लहानपणी गोड फार खायचात का? मी म्हटलं, आमच्या घरी मंजनाचा धंदा होता. तो इतका हसला की त्याला यंत्र बाजूला ठेवावं लागलं. कवळी आली. कवळीतले दात सरळ, पांढरे, एकसारखे. बाबांच्या डबीवरच्या रांगेसारखे.

तर हे सगळं मनोहरच्या भिंतीवर होतं. त्याच्या चौकटीत डाव्या बाजूला असली लेबल होतं, उजव्या बाजूला सांज छाप बोळका, आणि मी डाव्याला नक्कल म्हणालो. परतीच्या एसटीत मूर्तिजापूर गेलं, बडनेरा आलं, आणि मला त्या पागोटेवाल्याची आठवण जाईना. ज्या लोकांना मी आयुष्यभर मूर्ख म्हणत आलो, त्यांनी निदान बाबांना आधी पाहिलेलं तरी नव्हतं. मी तर रोज त्यांच्या ताटाशेजारी जेवलो होतो. तरी माझ्या डोक्यात जो बाप राहिला तो गोळ्यावाल्यानं काढलेला.

घरी आल्यावर कवळी काढून वाटीत ठेवली आणि बायकोपुढं माझी बाजू मांडायला बसलो. म्हटलं, चित्रंच खराब, उजेड मागून, मनोहरला तरी आधी सांगता आलं नसतं का, आणि एवढी माणसं जमवायची गरजच काय होती. दात नसल्यानं अर्धे शब्द ओठांतच अडकत होते, तरी मी थांबलो नाही. ती बाळापूरची आहे. लांबलचक बोलण्याला तिच्याकडे किंमत नाही. तिनं चहा गाळला, कप माझ्यापुढं ठेवला, आणि माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं.

"अहो," ती म्हणाली, "आता कसे असली दिसून राह्यले."